गाजर गवतावरचा भुंगा दिसला तर फवारणी करू नका: मेक्सिकन भुंग्याविषयी धागा

कीटकमित्र

पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की शेतीच्या गटांवर हमखास एक फोटो येतो. गाजर गवताचं चाळणी झालेलं पान, त्यावर अर्धा-पाऊण सेंटिमीटरचा पांढरट भुंगा, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. खाली प्रश्न असतो, "ही कुठली कीड? पिकावर जायच्या आत काय फवारू?"

काहीही फवारू नका. तो गाजर गवतावर जगतो आणि त्यासाठीच त्याला मेक्सिकोहून मुद्दाम आणलेलं आहे. हे अजून असंख्य शेतकऱ्यांना माहीत नाही, म्हणून हा धागा.

गाजर गवताची भारतातली सुरुवात सांगताना पुण्याचं नाव घ्यावंच लागतं. १९५५ साली पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर ते आढळल्याची नोंद झाली आणि पुढच्या काही दशकांत ते देशभर पोचलं. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येऊ शकतात. ओल मिळाली की वर्षात कधीही उगवतं, वर्षाला तीन-चार पिढ्या सहज होतात. झाडात पार्थेनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. त्यानं माणसाच्या कातडीला खाज सुटते, जनावराच्या पोटात गेलं तर दूध कडवट होतं, शेजारच्या पिकाची उगवणही दबते. मूळ प्रदेशात, म्हणजे मेक्सिको आणि आसपास, या झाडावर जगणारे कितीतरी कीटक आहेत. आपल्याकडे झाड एकटंच आलं, त्याला खाणारं कुणी सोबत आलं नाही.

१९८३ साली बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत डॉ. के. पी. जयंत यांनी झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा मेक्सिकोहून आणवला. तो आपल्या पिकांवर जगतो का, याच्या बंदिस्त जागेत चाचण्या झाल्या आणि १९८४ मध्ये तो मोकळा सोडला. पहिली काही वर्षं विशेष काही घडलं नाही. भुंगे आहेत की मेले, असंच वाटावं अशी स्थिती. मग १९८८ च्या सुमारास बंगळूरच्या आसपास गाजर गवताची झाडं पानांविना उभी दिसू लागली. संख्या वाढायला तेवढा काळ लागलाच.

आता त्याचं वर्ष कसं चालतं ते नीट वाचा, सगळं त्यावर अवलंबून आहे. पहिला चांगला पाऊस झाला की भुंगे जमिनीतून वर येतात. मादी पानांच्या खालच्या बाजूला पिवळसर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळ्या निघतात आणि सरळ शेंड्याकडे व पानांच्या बेचक्यातल्या कोंबांकडे जातात. खरं काम या अळ्यांचं आहे. कोंबच खाल्ला गेला तर फूल कुठून येणार? दहा-पंधरा दिवसांनी अळी मातीत उतरून कोष करते आणि तिथून नवा भुंगा निघतो. अंड्यापासून भुंग्यापर्यंत साधारण महिना. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संख्या सर्वात जास्त असते. पाऊस सरला, थंडी लागली की भुंगे मातीत शिरून सुप्तावस्थेत जातात, ते पुढच्या पावसापर्यंत.

म्हणजे ऑगस्टमध्ये जिथे भुंगे दिसत आहेत तिथे तुम्ही तणनाशक किंवा कीटकनाशक मारलंत, तर पुढच्या वर्षीची त्यांची पिढीच संपवलीत. गाव स्वच्छ करण्याच्या चांगल्या हेतूनं हे दर वर्षी होतं आणि ते पाहून मला फार वाईट वाटतं. ग्रामपंचायतीनं नेमक्या त्याच आठवड्यात श्रमदान काढायचं आणि पानांवरच्या अळ्यांसकट सगळं उपटून पेटवून द्यायचं.

तुमच्या तालुक्यात हा भुंगा दिसतो का? कोणत्या महिन्यात? मराठवाडा, खानदेश आणि कोकणातून कुणी सांगितलं तर विशेष बरं होईल.


बांधावरून

आमच्याकडे (फलटण तालुका) दिसतो. कालव्याच्या कडेला भरपूर, माळावर कमी. आजवर ही कपाशीवरची नवी कीड असं समजत होतो. दोन शंका आहेत. एक, घरचं सोयाबीन आणि भाजीपाला याला धोका नाही ना? दोन, परदेशी कीटक आणून सोडायचा हे मला मुळातच पटत नाही. आज गवत खातोय, ते संपल्यावर काय खाईल?


कीटकमित्र

दादा, सोयाबीन आणि भाजीपाल्याला धोका नाही.

दुसरी शंका अगदी रास्त आहे. असा कीटक आणताना सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नावर जातो. पद्धत अशी असते. कीटक आधी बंदिस्त प्रयोगशाळेत ठेवतात. ज्या तणासाठी आणला त्याच्या कुळातली पिकं आणि त्या भागातली महत्त्वाची पिकं त्याच्यासमोर ठेवतात. कधी तणासोबत, कधी त्याला उपाशी ठेवून फक्त पीक. पानं कुरतडली का एवढंच बघत नाहीत, त्या पिकावर अंडी, अळी, कोष अशी पूर्ण पिढी होते का हे बघतात. पिढी होत नसेल तर त्या पिकावर त्याचा संसार टिकत नाही.

आणि गवत संपल्यावर काय खाईल, तर गवत संपत नाही. ते कमी झालं की भुंगेही कमी होतात, पुन्हा वाढलं की वाढतात.


लातूरची_लेक

पण सूर्यफुलावर गेला होता ना हा भुंगा? माझे वडील सूर्यफूल लावायचे. त्या काळी गावात चर्चा होती की सरकारनं सोडलेला किडा सूर्यफूल खातो. नंतर आमच्याकडे सूर्यफूलच बंद झालं. मी लहान होते, तपशील आठवत नाही, पण वडिलांच्या मनात या भुंग्याविषयी राग होता हे पक्कं आठवतं.


कीटकमित्र

ताई, तुम्ही हा विषय काढलात ते बरं केलंत. मुख्य लेखातच यायला हवा इतका तो महत्त्वाचा आहे, सविस्तर लिहितो.

बंगळूरच्या आसपास भुंगे फोफावल्यावर, १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या सुरुवातीला, कर्नाटकात काही ठिकाणी ते सूर्यफुलाच्या पानांवर आढळले. पानं खाल्लेलीही होती. मोठा गदारोळ झाला. केंद्र सरकारनं सत्यशोधन समिती नेमली आणि काही वर्षं हा भुंगा नव्या ठिकाणी सोडणं थांबवलं.

शास्त्रज्ञांपुढचं कोडं असं होतं की प्रयोगशाळेत हा भुंगा सूर्यफुलावर तग धरत नव्हता आणि शेतात मात्र पानं खाताना दिसत होता. मग लक्षात आलं की जिथे हे घडलं त्या शेतांच्या बांधावर गाजर गवत फुललेलं होतं. त्याचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसले होते आणि भुंगा पान कुरतडत होता तो त्या परागकणांच्या ओढीनं. पराग नसलेल्या पानांकडे तो सहसा फिरकत नव्हता. सूर्यफुलावर त्याची पुढची पिढीही उभी राहत नव्हती. या अभ्यासांनंतर बंदी उठली आणि भुंगे सोडण्याचं काम पुन्हा सुरू झालं.

या प्रकरणात शेतकरी खोटं बोलत नव्हते. भुंगा सूर्यफुलावर होता, पान खात होता, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचं ऐकून काम थांबवलं, तपासलं आणि मगच पुढे गेले, हे योग्यच झालं. वर्षं गेली त्याबद्दल मला खंत नाही.


सोनकी

वनस्पतिशास्त्राची आहे म्हणून भर घालते. लातूरकडचं सूर्यफूल बंद होण्यामागे या भुंग्यापेक्षा कितीतरी मोठा वाटा दुसऱ्या एका गोष्टीचा असावा आणि तिचा संबंधही गाजर गवताच्या परागाशीच आहे.

१९९७ साली कर्नाटकात सूर्यफुलावर नेक्रोसिस नावाचा रोग प्रथम लक्षात आला. पानं, देठ, फुलाचा भाग करपत जातो, शेंडा वाकडा होतो, लवकर लागण झाली तर झाड मरतं. पुढे तो आंध्र आणि महाराष्ट्रातही पसरला. कारण निघालं टोबॅको स्ट्रीक विषाणू. हाच विषाणू २००० साली अनंतपूर जिल्ह्यात भुईमुगावर उतरला आणि तिथे प्रचंड नुकसान झालं.

हा विषाणू गाजर गवतात राहतो, पण त्या झाडावर रोगाचं काही चिन्ह दिसत नाही. विषाणू त्याच्या परागात असतो. पराग वाऱ्यानं किंवा फुलकिड्यांच्या अंगाला चिकटून सूर्यफुलाच्या पानावर येतो. फुलकिडे पान खरवडून रस पितात, त्या बारीक जखमांतून परागातला विषाणू झाडात शिरतो. फुलकिडे, पराग आणि पान असे तिघे एकत्र आले तरच लागण होते.

म्हणजे वर कीटकमित्रांनी सांगितलेल्या भुंग्याच्या प्रकरणात आणि या रोगात दृश्य तेच आहे, सूर्यफुलाच्या पानावर बसलेला गाजर गवताचा पराग. आणि जो भुंगा गाजर गवताला फुलूच देत नाही तो या रोगाचं मूळच कमी करतो. ज्याच्यावर पीक खाल्ल्याचा आळ आला तोच त्या पिकाला राखत होता, हे वाचलं तेव्हा मी हरखून गेले होते.

या रोगासाठी सूर्यफुलाच्या कडेनं ज्वारीच्या तीन-चार ओळी आधी पेरायची शिफारस आहे. उंच ज्वारी पराग आणि फुलकिडे अडवते. सोबत बांधावरचं गाजर गवत फुलायच्या आत काढायचं.


लातूरची_लेक

हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, शेंडा वाकडा होऊन झाडं करपायची हे बरोबर आहे, आम्ही त्याला रसायनाचा परिणाम समजायचो. आता ज्वारीच्या ओळी लावून अर्धा एकर करून बघू म्हणतात. सोनकीताई, मनापासून आभार.


त्वचेची_डॉक्टर

आरोग्याची बाजू मी लिहिते. माझ्या बाह्यरुग्ण विभागात गाजर गवताचे रुग्ण वर्षभर येतात, पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त. बहुतेक चाळिशी ओलांडलेले शेतकरी पुरुष, पण बायकाही असतात.

चित्र बहुधा सारखंच असतं. पापण्या सुजलेल्या, मानेच्या घड्या, कोपराची आतली बाजू, गुडघ्यामागची जागा लाल, जाड, खाजरी. झाडाच्या पानांवर आणि खोडावर बारीक लव असते, तिच्यात पार्थेनिन असतं. वाळलेल्या झाडाचा चुरा हवेतून येऊन अंगावर बसतो. म्हणून "मी गवताला हात लावत नाही, मग मला कसं?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पाठीवर छोट्या पट्ट्या लावून चाचणी केली की निदान पक्कं होतं. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात हे रुग्ण मोठ्या संख्येनं पाहिले आणि त्यावर लिहिलं. तेव्हा हा आजार भारतीय डॉक्टरांना नवा होता.

एकदा ॲलर्जी बसली की ती बहुधा आयुष्यभर राहते. काहींना पुढे उन्हाचीही ॲलर्जी होते. त्याच कुळातली शेवंती हाताळतानाही काहींना त्रास होतो. मलमं आहेत, गोळ्या आहेत, पण गाव तेच आणि बांध तोच असेल तर आजार फिरून येतो. माणूस शेतात जायला घाबरतो. एका रुग्णानं विचारलं होतं, "डॉक्टर, मी शेती सोडू का?" त्यावर औषधाच्या चिठ्ठीत लिहिण्यासारखं काही नसतं.

दोन सूचना. उघड्या हातांनी उपटू नका. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकातोंडावर फडकं, काम झाल्यावर आंघोळ आणि कपडे वेगळे धुणं. आणि वाळलेलं गवत पेटवू नका, कण हवेत उडतात. ज्यांना आधीच ॲलर्जी किंवा दमा आहे त्यांनी श्रमदानात हे काम घेऊच नये, दुसरं घ्यावं. शाळेच्या मुलांना तर या कामाला लावूच नका, ही हात जोडून विनंती.


गोठा

दुधाबद्दल: चारा टंचाई असली की जनावरं हिरवं दिसतं म्हणून तोंड घालतात, एरवी सोडून देतात. आमच्या भागात कुट्टीत मिसळून गेलेलं असतं. दूध कडवट लागलं की गिऱ्हाईक परत करतं. कापणी करताना बघून कापा एवढंच.


ब्रिस्बेनचा_बापू

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये राहतो, इथला अनुभव सांगतो. गंमत म्हणजे इथेही याची पहिली नोंद १९५५ चीच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेहून आलेल्या विमानांच्या आणि यंत्रांच्या सुट्या भागांबरोबर ते आलं असं मानतात. नंतर क्लेरमाँट भागात चाऱ्याच्या बियाण्यातून आलं आणि तिथून गुरांच्या कुरणांत हजारो चौरस किलोमीटर पसरलं.

इथे हा भुंगा १९८० मध्ये सोडला, म्हणजे भारताच्या आधी. पण तो जोरात दिसायला लागायला जवळजवळ १९९० उजाडलं. सरकारनं एका कीटकावर भिस्त ठेवली नाही. खोडात गाठ तयार करणारा पतंग आणला, बिया खाणारा सोंडकिडा आणला, मुळात शिरणारा पतंग आणला, तांबेरा रोगाच्या दोन बुरश्या आणल्या. एक पानं खातो, एक खोड, एक बी, एक मूळ. पाऊस कधीही पडला तरी कुणी ना कुणी कामावर असतं. शिवाय इथे गाड्या आणि कापणी यंत्रं धुण्याच्या जागा ठिकठिकाणी आहेत, दुसऱ्या भागात जाण्याआधी चाकांची माती धुवायची.

माझा प्रश्न: खोडात गाठ करणारा पतंग, एपिब्लेमा, इथे फार चांगलं काम करतो. भारतात का नाही आणला?


कीटकमित्र

आणला होता. १९८० च्या दशकातच बंगळूरला आणला आणि चाचणीत नापास झाला. प्रयोगशाळेत तो कारळ्यावर वाढला आणि तिथे त्याची पिढीही झाली. लगेच सगळे कीटक नष्ट केले. एकही बाहेर सोडला नाही. क्वीन्सलंडमध्ये कारळ्याची शेती नाही, त्यामुळे तुमच्याकडे तो निर्धास्त सोडता आला.

वर बांधावरून यांनी विचारलं होतं ना, परदेशी कीटक कशाच्या भरवशावर आणायचा, तर त्याला हे उत्तर. नको असलेला कीटक दारातच अडवला गेला.


सातपुड्याचा_मास्तर

कारळ्याचं नाव वाचून थांबलो. नंदुरबार, सुरगाणा, पेठ, जव्हार या पट्ट्यात आम्ही त्याला खुरासणी म्हणतो. उताराची, खडकाळ, हलकी जमीन, जिथे दुसरं काही धड येत नाही, तिथे आदिवासी शेतकरी ती टाकतात. तेल त्याचंच, चटणी त्याचीच. मोठ्या बाजारात तिला फारसं कुणी विचारत नाही, उत्पन्नाच्या तक्त्यात ती तळाशी असते.

म्हणूनच हे वाचून फार बरं वाटलं. बंगळूरच्या प्रयोगशाळेत त्या यादीत कुणीतरी खुरासणी ठेवली होती. ठेवली नसती तर? माझ्या शाळेतल्या मुलांना हे सोमवारी सांगणार आहे. पीक लहान म्हणून चाचणीतून वगळायचं नसतं, हे त्यांना त्यांच्याच शेतातल्या उदाहरणानं कळेल.


नंदिनी_पुणे

वाचतेय आणि शिकतेय. पण आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर भुंगे दर वर्षी असतात, ऑगस्टमध्ये काड्याच उरतात आणि दिवाळीपर्यंत पुन्हा हिरवंगार, पांढरी फुलं. मग उपयोग काय? माझ्या मुलाला सर्दी आणि शिंकांचा त्रास याच काळात होतो, म्हणून तळमळीनं विचारतेय.


कीटकमित्र

तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि या भुंग्याची खरी मर्यादा तीच आहे. जमिनीत बियांचा साठा प्रचंड असतो. गाडलेलं बी कित्येक वर्षं जिवंत राहतं. ऑगस्टमध्ये पहिली पिढी भुंग्यांनी संपवली, परतीच्या पावसावर दुसरी उगवली आणि तोवर भुंगे मातीत निजायला गेले. थंडीत बागायती भागात ओल असतेच, तिथे गवताला मोकळं रान मिळतं.

म्हणून वर्ष वाटून घ्यायचं. जुलै ते सप्टेंबर भुंग्याचं राज्य, तेव्हा आपण हात लावायचा नाही. ऑक्टोबरपासून पुढे उगवलेली रोपं आपण काढायची, फूल धरायच्या आत, ओल असताना मुळासकट. फुलाआधी काढलेलं गवत खड्ड्यात कुजवून कंपोस्ट होतं. फूल आल्यावर मात्र कंपोस्टात टाकू नका, बी खतातून शेतात जाईल. दोघांनी आपापल्या पाळ्या नेमानं सांभाळल्या तर बियांचा साठा वर्षागणिक उतरतो.

आणि प्लॉट मोकळा ठेवू नका. टाकळा (काही भागात तरोटा) दाट लावला तर गाजर गवताला जागा मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये बी फेकून ठेवायचं, पावसात तो आधी उठतो. टाकळा कोवळा असताना भाजीलाही येतो, पण प्लॉटवरचा रस्त्याकडेचा खाऊ नका.


त्वचेची_डॉक्टर

नंदिनी, मुलाला छाती-ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा. त्या काळात इतर गवतांचे परागही हवेत असतात, दोष एकट्या गाजर गवताचा धरून चालू नका.


कपाशीवाला

यवतमाळ जिल्ह्यातून. आमच्यासाठी गाजर गवत म्हणजे पिठ्या ढेकणाचं घर. २००६ नंतरची काही वर्षं कपाशीवर पिठ्या ढेकूण आला तेव्हा शेत पांढरं व्हायचं. कपाशी निघाली की तो धुऱ्यावरच्या गाजर गवतावर उन्हाळा काढायचा आणि पुढच्या हंगामात परत. फवारण्या केल्या, त्याच्या अंगावर मेणचट पावडर, औषध पोचतच नव्हतं. मग एक-दोन वर्षांत तो आपोआप कमी झाला. का, ते तेव्हा कळलं नाही. कुणाला माहीत आहे का?


सोनकी

हो, ती फार सुंदर गोष्ट आहे. तो आपोआप गेला नाही. एनासियस नावाची एक सूक्ष्म गांधीलमाशी त्याच्या अंगात अंडं घालते. अळी आतून त्याला खाते, ढेकूण फुगून तपकिरी, कडक होतो आणि त्यातून नवी माशी भोक पाडून बाहेर येते. ही माशी कुणी आणून सोडली नव्हती, ती शेतात आपणहून वाढली. २००९ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं तेव्हा तिला कीटकशास्त्रज्ञ डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ बंबावालेई असं नाव दिलं. नंतर ती आधीच वर्णन झालेल्या अमेरिकेतल्या जातीचीच आहे असं ठरलं आणि नाव बदललं, पण काम तिचं तेच.

जिथे फवारणी कमी झाली तिथे ती जास्त टिकली.


कपाशीवाला

हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर किती फवारे वाचले असते.

फवारणीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते, कित्येकांची नजर अधू झाली. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, हवा दमट, अंगावरून तुषार घेत फवारायचं, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. त्यातले बरेच स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं गेलेले. कीटकाचं शास्त्र आणि माणसाचं आरोग्य हे दोन वेगळे विषय आहेत असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही. कोणता किडा मारायचा आणि कोणता ठेवायचा हे न कळणं आमच्या जिवावर येतं.


कीटकमित्र

दादा, यापुढे मी काही जोडू शकत नाही. या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.


डासांवर_काम

आरोग्याच्या अंगानं एक वेगळी नोंद. डासाची मादी रक्त पिते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण उडायला लागणारी ताकद तिला फुलांतल्या आणि झाडांतल्या साखरेतून मिळते. नैरोबीच्या इसिपे या कीटकसंशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवलं की आफ्रिकेतला मलेरियाचा डास, ॲनोफिलिस गॅम्बिये, गाजर गवतावर चांगला पोसला जातो. अंगात साखरेचा साठा करतो आणि पार्थेनिन पचवूनही जगतो. डास जितका जास्त दिवस जगेल तितकी त्याच्या अंगात मलेरियाचा परजीवी पूर्ण वाढण्याची शक्यता जास्त, म्हणून हे महत्त्वाचं.

मात्र तो अभ्यास आफ्रिकेतल्या डासावरचा आहे. आपल्या शहरांतला मलेरियाचा डास ॲनोफिलिस स्टिफेन्सी हा वेगळा आहे, तेव्हा "गाजर गवतामुळे मलेरिया होतो" असं पुढे पाठवू नका. घराभोवतीची पाण्याची टाकी झाकणं अजूनही पहिलं काम आहे.


रामेश्वर_बी

मिठाचं पाणी मारलं तर गाजर गवत जातं असं ऐकलं. खरं का? आणि गाजर गवत गव्हातून आलं का अमेरिकेच्या?


कीटकमित्र

मिठाचं १५ ते २० टक्के द्रावण पडीक जागेसाठी सांगितलेलं आहे, झाड करपतं हे खरं. पण शेतात, बांधावर, विहिरीजवळ अजिबात नको, जमीन खारवते. माझं मत विचाराल तर पडीक जागेतही भुंगा असेल तर मीठ नको.

गव्हाबद्दल: १९५० च्या दशकात अमेरिकेहून आयात झालेल्या धान्यातून ते पसरलं असं सर्वसाधारण मत आहे. पण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या १८१४ च्या कोलकात्यातल्या वनस्पतींच्या यादीत हे झाड आढळतं. म्हणजे झाड आधीही आलं होतं, फोफावलं मात्र पुण्यातल्या नोंदीनंतर.


बांधावरून

सगळं वाचलं. माझी हरकत मागे घेतो असं नाही, पण कारळ्याचा आणि सूर्यफुलाचा किस्सा वाचून विश्वास वाढला. आता कामाचं विचारतो. कालव्याकडे भुंगे आहेत, आमच्या गायरानावर नाहीत. तिकडचे इकडे नेता येतील का? कसे?


कीटकमित्र

येतील आणि हे कुणीही करू शकतो. ऑगस्टमध्ये, भुंगे भरपूर असताना, सकाळी किंवा संध्याकाळी हातमोजे घालून झाडं हलक्या हातानं पसरट भांड्यात झटका. प्लास्टिकची रुंद तोंडाची बरणी घ्या, झाकणाला बारीक भोकं पाडा किंवा जाळीचं कापड बांधा, आत गाजर गवताचे ताजे शेंडे टाका. बरणी उन्हात ठेवू नका, आतला ओलावा साचून भुंगे मरतात. त्याच दिवशी न्या.

एका जागी निदान ५०० सोडा, हजार असले तर उत्तम. विखरून चार-चार सोडलेत तर त्यांचे जोडीदार जमत नाहीत. जागा अशी निवडा जिथे गवत दाट आणि कोवळं आहे, नांगर फिरत नाही, जवळ फवारणी होत नाही, पाणी साचत नाही. कोष आणि झोपलेले भुंगे मातीतच असतात, म्हणून ती जागा वर्षभर खणायची नाही. कोपऱ्यावर खुंटी ठोकून गुराख्यांना आणि ग्रामपंचायतीला सांगून ठेवा.

भुंगे जवळपास मिळाले नाहीत तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दर वर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागरूकता सप्ताह घेतं, त्या सुमारास अनेक केंद्रांवर भुंगे वाटतात.

पहिल्या वर्षी काही दिसलं नाही तर निराश होऊ नका. बंगळूरला आणि क्वीन्सलंडलाही वेळ लागला होता.


बांधावरून

समजलं. गायरानाची वरची बाजू ठरवली, तिथे नांगर जात नाही. सरपंचांशी बोललोय, त्या तुकड्यावर यंदा श्रमदान नाही. खुंटी ठोकली की फोटो टाकतो.


ब्रिस्बेनचा_बापू

बांधावरून, एक सुचवतो. सोडण्याआधी त्या जागेचा एक फोटो काढून ठेवा आणि दर सप्टेंबरला त्याच खुंटीपाशी उभं राहून पुन्हा काढा. इथे आम्ही तसंच करतो, फरक डोळ्यांना कळत नाही पण फोटोत दिसतो.